पाटणचा मठ आणि दीर्घिकांचा शोध

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत पाटण हे जुने ठिकाण आहे. आज लोक तिथे जातात ते पाटणादेवीच्या दर्शनाला आणि पावसाळ्यात गौताळा अभयारण्यातले धबधबे पाहायला. बाराव्या शतकात मात्र हे निकुंभ घराण्याचे नगर होते. निकुंभ हे यादवांचे मांडलिक. त्यांच्या काळात बांधून पुरे झालेल्या महादेव मंदिरात शके १०७५ चा, म्हणजे इ.स. ११५३ चा शिलालेख आहे. पाटणचा दुसरा शिलालेख देवीच्या मंदिरातला. आकाश मोजण्याच्या विद्येला समाजाने कसे पोसले, हे इतक्या तपशिलाने सांगणारा दुसरा मध्ययुगीन लेख महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे संस्कृत पंडित कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात, तर शेवटचा भाग मराठीत आहे. त्यात गणिती-ज्योतिषी भास्कराचार्यांच्या कुळाची वंशावळ येते: त्रिविक्रम, मग राजा भोजाकडून ‘विद्यापती’ ही पदवी मिळवलेला भास्करभट्ट, त्यानंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि महेश्वराचा मुलगा भास्कर. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून नेऊन आपल्या दरबारी पंडितांचा प्रमुख केले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणि’ आणि इतर ग्रंथ, तसेच घराण्यातल्या इतरांच्या रचना शिकवल्या जाव्यात म्हणून चांगदेवाने पाटणला मठ स्थापन केला. या मठाला निकुंभ सोइदेवाने दान दिले आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव याने ते चालू ठेवले. दानाचा दिवस श्रावणी पौर्णिमेचा, चंद्रग्रहणाचा. कीलहॉर्न यांच्या गणिताने ९ ऑगस्ट १२०७. ग्रहणाचे गणित ज्या विद्येची कसोटी, तिच्या शाळेला ग्रहणाच्या दिवशीच दान मिळाले.

लेखाचा मराठी भाग बाजाराचा आहे आणि म्हणूनच तो फार मोलाचा आहे. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावरचा, राजाला मिळणारा कर मठाला लावून दिला. ग्राहकाकडून ठरावीक सुपाऱ्या घ्यायच्या. गावात जितके तेलघाणे चालतील, त्या प्रत्येकामागे मठाला पळी पळी तेल द्यायचे. गावात जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापायचे. मापाईचा अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापणाऱ्याचा. तेल्याच्या घाण्यावरची ती पळी आणि पेठेतले ते माप यांच्यावर ‘सिद्धान्तशिरोमणी’तला ‘गोलाध्याय’ शिकवणारी शाळा चालत होती. दिव्याला तेल आणि पाठाला दिवा, असा तिचा रोजचा हिशेब असणार. राजाश्रयाच्या कथा पुष्कळ ऐकू येतात. घाण्यामागे पळीभर तेल देणारा तेली मात्र इतिहासात क्वचितच दिसतो.

हे घराणे एका गावापुरते नव्हते. चाळीसगाव तालुक्यातच गिरणेकाठी बहाळ आहे. तिथल्या शके ११४४ च्या (इ.स. १२२२) शिलालेखात भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती याचा नातू अनंतदेव भेटतो. तोही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातील एका अध्यायावर आणि वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’वर टीका लिहिली आणि बहाळला भवानीचे देऊळ बांधले. भास्कराचार्यांनी आपले गाव म्हणून सांगितलेले सह्याद्रीजवळचे विज्जडविड नेमके कोणते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कोणी ते पाटणजवळ मानतात, कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड. जन्मगावाचा वाद काहीही असो, त्यांच्या विद्येचे घर तेराव्या शतकाच्या आरंभी खानदेशात होते हे दगडावर कोरलेले आहे.

या मठात जे आकाश शिकवले जाई, ते ‘सिद्धान्तशिरोमणी’तले होते. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा (इ.स. १११४) आणि हा ग्रंथ त्यांनी ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. त्यांच्या मते पृथ्वी हा गोल आहे, तिला खाली कोणाचा टेकू नाही आणि जड वस्तूंना ती आपल्याकडे ओढून घेते. तिचा परीघ त्यांनी ४,९६७ योजने दिला आहे. आजच्या परिघाशी ताडून पाहिले, तर त्यांचे एक योजन सुमारे ८ किलोमीटरचे होते.

या योजनाने त्यांचे चंद्राचे अंतर मोजले की ते ५१,५६६ योजने, म्हणजे सुमारे ४ लाख १६ हजार किलोमीटर भरते. खरे सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर आहे. दुर्बीण नसलेल्या काळात आठ टक्क्यांची चूक म्हणजे काम चोख. सूर्याचे अंतर मात्र त्यांच्याकडे ६,८९,३७७ योजने आहे आणि ते खऱ्या अंतरापेक्षा सुमारे २७ पट कमी पडते. हा फरक का पडला ते समजून घेण्याजोगे आहे. चंद्र जवळ असल्यामुळे पृथ्वीच्या पाठीवरून आणि पृथ्वीच्या मध्यातून तो वेगळ्या जागी दिसतो. हा फरक, म्हणजे लंबन, डोळ्यांनी मोजता येतो आणि त्यावरून अंतर काढता येते. सूर्याचे लंबन इतके बारीक, की साध्या साधनांना ते दादच देत नाही. म्हणून सिद्धान्तकारांनी एक गृहीत धरले: सगळे ग्रह रोज सारखीच योजने चालतात, सुमारे ११,८५९. चंद्र २७ दिवसांत फेरी पुरी करतो, सूर्याला वर्ष लागते. तेव्हा सूर्याची कक्षा त्या प्रमाणात मोठी. गणित बिनचूक होते, पण गृहीतक चुकीचे होते. ताऱ्यांची कक्षा तर सूर्याच्या साठपट मानून घेतली होती. त्या हिशेबाने तारे साडेतेहतीस कोटी किलोमीटरवर येतात, मंगळाच्या थोडे पलीकडे. सर्वांत जवळचा तारा प्रत्यक्षात त्याच्या लाखपटीहून जास्त दूर आहे.

सगळ्यांत बाहेरची सीमा म्हणजे ब्रह्मांडाची. तिचा परीघ ग्रंथात १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजने दिलेला आहे. आजच्या मापात मांडल्यास हा परीघ सुमारे १६ हजार प्रकाशवर्षांचा आणि व्यास सुमारे ५ हजार प्रकाशवर्षांचा होतो. आकडा आला कुठून? ४३२ कोटी वर्षांच्या कल्पात एक ग्रह जितकी योजने चालतो, तितका हा परीघ. इथे भास्कराचार्यांचे मोठेपण दिसते. ब्रह्मांड खरोखर एवढे असो वा नसो, ग्रह एका कल्पात इतके अंतर चालतो हेच आपले मत, असे त्यांनी बजावून ठेवले आहे. जे मोजता आले त्याचा आकडा द्यायचा आणि जे परंपरेने सांगितले ते परंपरेच्या नावावर ठेवायचे, ही शिस्त बाराव्या शतकातल्या ग्रंथात आढळते. त्यांच्या चुकलेल्या आकड्यांहून ही शिस्त अधिक लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या गणितात तारे होते ते खुणेच्या दगडासारखे. सूर्य, चंद्र आणि ग्रह कुठे आहेत हे सांगण्यासाठी मागे सत्तावीस नक्षत्रे हवीत, एवढेच त्यांचे काम. आकाशातून वाहणाऱ्या दुधाळ पट्ट्याला आकाशगंगा हे सुंदर नाव होते, पुराणांत तिला जागा होती. सिद्धान्तांच्या गणितात नव्हती. शेतकऱ्याचेही तेच. खानदेशात कपाशी-बाजरीच्या पेरण्या रोहिणी-मृगाच्या हिशेबाने ठरत आल्या. जूनमध्ये मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, त्यामुळे ते नक्षत्र तेव्हा रात्री दिसतच नाही. ते पाहायचे तर हिवाळ्यात. नक्षत्र ही इथे काळाची खूण आहे, वस्तू नाही. तारा कशाचा बनला आहे, हा प्रश्न पंचांगाला कधी पडण्याचे कारणच नव्हते. १५२० मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ आला आणि महाराष्ट्रभर पंचांगे त्यावरून होऊ लागली, तेव्हाही प्रश्न स्थानाचाच राहिला. या साऱ्या परंपरेचा आढावा शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात घेतला. त्या तोलाचा दुसरा ग्रंथ आजही सहज दाखवता येत नाही.

आकाशातली वस्तू खानदेशात एकदा प्रत्यक्ष येऊन पडली. २९ जून १८४३ रोजी दुपारी एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या परिसरात, माणेगावला अशनी कोसळली. तिचे थोडे तुकडे जगातल्या संग्रहालयांत पोचले आणि ‘माणेगाव’ हेच नाव अशनींच्या जागतिक यादीत राहिले. ही डायोजेनाइट या दुर्मीळ जातीची अशनी आहे. तिच्यातले मुख्य खनिज पायरॉक्सीन, म्हणजे मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. या जातीच्या दगडांवरून परावर्तित होणारा प्रकाश वेस्टा या लघुग्रहाच्या प्रकाशाशी जुळतो. म्हणून ते वेस्टाच्या पोटातून उडालेले असावेत असे मानले जाते. पायरॉक्सीन खानदेशाला नवे नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा जो काळा पाषाण पाटणच्या डोंगरात आहे आणि धुळे-नंदुरबार भागात शेतांमधून भिंतींसारख्या उभ्या असलेल्या खडकांच्या लांब रांगांत दिसतो, त्यातही ते आहेच. वरचा दगड आणि खालचा दगड एकाच मूलद्रव्यांचे निघाले. ताऱ्यांबाबत मात्र दगड हाती येण्याची सोय नव्हती. तिथे प्रकाशालाच बोलते करावे लागले.

ते काम वर्णपटाने केले. तापलेला वायू ठरावीक रंगांच्याच रेषा देतो आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात. १८६४ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक लावला आणि तो ताऱ्यांचा पुंजका नसून विरळ वायू असल्याचे दिसून आले. महाराष्ट्रात ही विद्या पुण्यात आली. कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण त्या वेळी देशातली सर्वांत मोठी होती. नायगमवालांनी ती मृगातल्या तेजोमेघाकडे वळवली. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा होती. ती उल्कांमधल्या मॅग्नेशियमची असावी, असे नॉर्मन लॉकियर यांचे म्हणणे होते. तसे असते तर रेषेची एक कड अस्पष्ट, विरत गेलेली दिसली असती. नायगमवालांना ती दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली आणि तसे त्यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. ती रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. अखेर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या ऑक्सिजनची आहे. तो इतका विरळ, की पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तशी स्थिती आणता येत नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेधही नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर इथे घेतले. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याच्या खगोलविद्येची ही तुटलेली कडी पुन्हा जुळायला अनेक दशके लागली.

तेजोमेघांत दोन जाती होत्या. मृगातल्यासारखे वायूचे ढग ही एक. दुसरी भोवऱ्यासारखी वळणे असलेल्या मेघांची. त्यांच्या वर्णपटात ताऱ्यांसारखाच अखंड प्रकाश दिसे. देवयानी तारकासमूहातला मेघ या दुसऱ्या जातीचा. तो आपल्याच आकाशगंगेत आहे की तिच्या बाहेर, यावर २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनला हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांचा जाहीर वाद झाला. प्रश्न पुन्हा भास्कराचार्यांच्या काळचाच होता: अंतर कसे मोजायचे? उत्तर हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्येच देऊन ठेवले होते. काही ताऱ्यांचे तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होते आणि तारा जितका तेजस्वी तितका हा काळ लांब. काळ मोजला की खरे तेज कळते, आणि खरे तेज व दिसणारे तेज यांच्या तुलनेतून अंतर मिळते. एडविन हबल यांना १९२३ मध्ये देवयानीच्या मेघात असा तारा सापडला. त्याने दिलेले अंतर आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडचे होते. आजच्या मोजणीनुसार ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. तो मेघ म्हणजे स्वतंत्र तारकानगरी होती. मराठीत अशा नगरीला दीर्घिका म्हणतात आणि आकाशगंगा ही आपली दीर्घिका.

आकाशगंगेची चकती सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. भास्कराचार्यांनी ज्याची हमी घ्यायचे नाकारले, ते परंपरेचे ब्रह्मांड तिच्या एका कोपऱ्यात मावले असते. सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर असून एका फेरीला त्याला सुमारे २३ कोटी वर्षे लागतात. खानदेशावर लाव्हा पसरला तेव्हापासून आजवर तो तिसरा हिस्साही फिरलेला नाही. दीर्घिकेचे केंद्र धनू राशीत, मूळ नक्षत्राच्या जवळच्या दिशेला आहे. पाटणहून ते दक्षिण क्षितिजापासून चाळीसेक अंश वर येते. उत्तर युरोपातल्या निरीक्षकाला ते क्षितिजालगतच्या धुरकटीतून शोधावे लागते. तिथे सूर्याच्या ४० लाख पटींहून जड असे कृष्णविवर आहे.

दीर्घिकेत डोळ्यांत भरतात ते तारे. आकाशगंगेत ते निदान शंभर अब्ज आहेत. ते कशाचे बनले आहेत, याचे उत्तर मेघनाद साहा यांच्या १९२० च्या समीकरणामुळे मिळाले. तापमान वाढले की अणू इलेक्ट्रॉन कसे गमावतात आणि त्यामुळे वर्णपटातल्या रेषा कशा बदलतात, हे त्या समीकरणाने कळते. त्याचाच उपयोग करून सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवले की ताऱ्यांत मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियम आहे. बाकी सगळी मूलद्रव्ये मिळून शेकड्यात एक-दोन वाटे. ती ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत तयार होतात. पाटणच्या काळ्या पाषाणातला ऑक्सिजन प्रचंड ताऱ्यांनी शिजवून बाहेर फेकलेला आहे, आणि त्यातल्या लोहाचा मोठा भाग श्वेतखुजा ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेला. ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायू आहे आणि कार्बन व सिलिकेटची बारीक धूळ आहे. आकाशगंगेच्या पट्ट्यात ज्या काळ्या फटी दिसतात, तिथे जागा रिकामी नाही. ही धूळ मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवून बसली आहे.

थंड हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही, पण तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. हे भाकीत १९४४ चे आणि प्रत्यक्ष नोंद १९५१ ची. या हायड्रोजनचा शोध हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या स्वप्नातले एक मोठे उद्दिष्ट होते. त्यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण उभारली: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. तबकडी भरीव पत्र्याची न करता पोलादी तारांच्या जाळीची केली, त्यामुळे वारा आरपार जातो, वजन उतरते आणि खर्चही. लांब लहरींना जाळी भरीव पत्र्यासारखीच वाटते, म्हणून हे साधले. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी या दुर्बिणीने ७,६५३ दीर्घिकांचे अतिक्षीण संकेत एकत्र मिळवून ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला हायड्रोजन मोजला. त्या काळी तारे इतक्या झपाट्याने जन्मत होते की हा साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. नंतर ताऱ्यांची निर्मिती का मंदावली, याचे एक कारण त्यातून हाती लागले: कच्चा माल पुरेसा येईना.

तारे, वायू, धूळ हे सारे मोजूनही दीर्घिकेचा हिशेब पुरा होत नाही. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना केश तारकासमूहातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरताना दिसल्या की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या बळावर त्यांचा समूह टिकलाच नसता. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेत केंद्रापासून दूर गेल्यावरही फिरण्याचा वेग घटत नाही, असे दाखवले. सूर्यमालेत दूरचा ग्रह हळू चालतो. दीर्घिकेत तसे घडत नसेल, तर न दिसणारे वस्तुमान बाहेरपर्यंत पसरलेले असले पाहिजे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. विश्वाच्या एकूण ऊर्जा-वस्तुमानात नेहमीचे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ आणि विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी कृष्णऊर्जा ६८, असा आजचा हिशेब आहे. कृष्णद्रव्याचा कण अजून कोणत्याही प्रयोगशाळेत सापडलेला नाही.

दीर्घिका जन्मते ती या कृष्णद्रव्याच्या आधाराने. १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व तप्त आणि दाट होते. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी ते इतके निवले की हायड्रोजनचे अणू जुळले आणि प्रकाश मोकळा झाला. त्या प्रकाशाचा अवशेष आज सर्व दिशांनी येतो आणि त्यात लाखात एक इतकाच चढउतार आहे. त्या चिमुकल्या चढउतारातून पुढचे सगळे घडले. जिथे घनता किंचित जास्त होती तिथे कृष्णद्रव्य ओढले गेले आणि त्याचे गोळे झाले. त्यांत वायू उतरला, थंड झाला आणि मध्याकडे घसरला. मूळचे थोडेसे फिरणे आकुंचनामुळे वाढत गेले आणि वायूची चपटी चकती बनली. चकतीत तारे पेटले. मोठे तारे लवकर फुटले, त्यांनी जड मूलद्रव्ये वायूत मिसळली आणि स्फोटांच्या जोराने बराच वायू बाहेरही ढकलला. लहान दीर्घिका मोठ्यांत विलीन होत गेल्या. आकाशगंगेनेही सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी एक बरीच मोठी दीर्घिका गिळली. तिचे तारे आजही वेगळ्या चालीने फिरताना ओळखू येतात.

महास्फोटातून सुरू होणारे हे चित्र बहुतेकांनी स्वीकारले असले तरी त्याला दीर्घकाळ विरोध करणारा आवाज मराठी माणसाचा होता. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी फ्रेड हॉईल यांच्यासोबत स्थिर विश्वाचा सिद्धान्त पुढे नेला, आणि १९९३ पासून हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह अर्धस्थिर विश्वाचा सिद्धान्त मांडला. पुरावे महास्फोटाच्या बाजूला झुकले, तरी नारळीकरांनी आपली हरकत शेवटपर्यंत गणितासह मांडली आणि त्याच वेळी मराठी वाचकांना विश्वाचे शास्त्र सोप्या भाषेत समजावले. त्यांनी १९८८ मध्ये पुण्यात उभारलेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या केंद्रातूनच पुढे दीर्घिकांचे मोठे शोध लागले. २०१७ मध्ये जयदीप बागची, शिशिर सांख्यायन आणि सहकाऱ्यांनी मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षांवर दीर्घिकासमूहांची प्रचंड रांग शोधून तिला ‘सरस्वती’ नाव दिले. तिची लांबी ६० कोटी प्रकाशवर्षे. २०२० मध्ये कनक साहा आणि सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहाने ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून येणारा तीव्र अतिनील प्रकाश टिपला. असाच प्रकाश आरंभीच्या दीर्घिकांमधून बाहेर पडला आणि त्याने अवकाशातल्या हायड्रोजनच्या अणूंचे इलेक्ट्रॉन काढून घेतले, असे मानतात.

ताजा शोध खोडदची दुर्बीण चालवणाऱ्या केंद्रातलाच. २०२५ मध्ये राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांतून ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व केवळ दीड अब्ज वर्षांचे असताना तिच्यात दोन रेखीव भुजा तयार झालेल्या दिसतात. व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे, ताऱ्यांचे वस्तुमान सुमारे १० अब्ज सूर्यांएवढे आणि वर्षाला सुमारे ६० सूर्यांइतके नवे तारे. इतक्या लवकर इतकी शिस्तशीर चकती बनणे प्रचलित हिशेबात कठीण मानले जाई. थंड वायूचे प्रवाह शांतपणे येऊन मिळाल्याने भुजा उमटल्या, की एखाद्या लहान शेजारी दीर्घिकेच्या ओढीने, हे दोन पर्याय समोर आहेत. चकतीतला वायू किती वेगाने आणि किती सुरळीत फिरतो हे वर्णपटावरून मोजले की त्यांतला कोणता खरा ते ठरवता येईल.